सकाळची गोळी

गोळी गिळून झाल्यावर ताईनं पेला परत दिला, पालथ्या हातानं ओठ पुसले आणि खिडकीकडे बघत म्हणाली, “हल्ली ही गोळी गोड लागते.” एवढंच. आवाजात तक्रार नव्हती, प्रश्नही नव्हता. पाऊस येईलसं दिसतंय, असं म्हणावं तसं ती म्हणाली. धाकट्याच्या हातातला पेला रिकामा होता, तरी सांडेल की काय अशा बेतानं त्यानं तो धरला. “कंपनी बदलली असेल,” तो म्हणाला. “असेल,” म्हणून ताईनं डोळे मिटले. तिच्या कपाळावर डाव्या बाजूला एक शीर उडत होती. दुखणं दाबून धरलं की ती शीर उडायची, हे त्याला माहीत होतं. तो स्वयंपाकघरात गेला, पेला विसळला, पुन्हा विसळला आणि पालथा घातला.

धाकटा हे काही त्याचं नाव नव्हे. ताईनं लहानपणी ठेवलेलं ते चिकटलं, केस पिकले तरी सुटलं नाही. बायकोसुद्धा लाडात किंवा रागात असली की तीच हाक मारायची. दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या एका लॅबमध्ये तो कामाला होता. आयुष्यभर मान खाली घालून परक्या माणसांच्या जबड्यांचे साचे बघत बसायचं काम. ताई त्याच्याहून बरीच मोठी. आई गेली तेव्हा धाकट्याला बुटाची नाडीही बांधता येत नव्हती. ती ताईनंच बांधली, आणि मग बांधतच राहिली. तिनं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी केली, लग्नाचा विषय निघाला की “आहे की एक पोर पदरात” म्हणून हसण्यावारी नेला, आणि निवृत्तीनंतर स्वतःच्या दोन खोल्यांत एकटी, मजेत राहिली. गेल्या हिवाळ्यात तिच्या हाडांत रोग पसरल्याचं कळलं तेव्हा धाकट्याच्या बायकोनं जाऊन तिचं सामान बांधलं. ताई नको नको म्हणत होती. बायको म्हणाली, “नणंद म्हणून नेत नाहीये, सासू म्हणून नेतेय. सासूबाईंना नाही म्हणायची सोय नसते.” तेव्हा ताई हसली आणि आली.

त्या सकाळी कामाच्या रस्त्याला लागल्यावर ते वाक्य त्याच्याबरोबर चालायला लागलं. हल्ली ही गोळी गोड लागते. हल्ली म्हणजे कधीपासून? आजच म्हणाली, मग काल का नाही म्हणाली? तोंडाला चव नसलेलं माणूस, त्याला काहीही गोड लागेल. की कळलंय तिला? कळलं असतं तर ती बोलली असती. मनात ठेवणारी बाई नव्हती ती. शेजारच्यांचा रेडिओ मोठा झाला तर भिंतीवर चमचा वाजवायची. सिग्नलपाशी उभं असताना त्याला घाम फुटला, आणि हा घाम भीतीचा की गोळीची वेळ झाल्याचा, हे त्याचं त्यालाही कळेना. हल्ली असंच व्हायचं. स्वतःच्या मनात उठलेली कुठलीही गोष्ट खरी मानायची चोरी झाली होती. दुःख झालं तर वाटायचं, औषध उतरतंय. बायकोबद्दल एकदम माया दाटून आली तर वाटायचं, औषध चढतंय. त्यानं खिशात हात घातला. चुरगळलेल्या रुमालाच्या घडीत ताईची सकाळची गोळी होती. पाणी लागत नसे आता. ती जिभेखाली सरकवून तो चालू लागला. कडू, खडूसारखी, ओळखीची.

सुरुवात अगदी साधी होती, चारचौघांसारखी. मान अखडली, मग हाताला मुंग्या, मग मणक्यातली गादी सरकल्याचं निदान. हाडांचे डॉक्टर घाईतले, पण भले होते. “सोसायचं कशाला? आता चांगली औषधं आलीत,” म्हणाले आणि कागदावर लिहून दिलं. पहिली गोळी घेऊन तो पलंगावर पडला होता, दुपार होती, बायको तलावावर गेली होती. ती बायकांना नि मुलांना पोहायला शिकवायची, तिच्या केसांना कायम तलावाच्या पाण्याचा वास यायचा. आणि पडल्या पडल्या, शेजारच्या खोलीत वर्षानुवर्षं चालू असलेलं एखादं यंत्र कुणीतरी बंद करावं तसं झालं. मान दुखायची थांबली, हे तर खरंच. पण मानेबरोबर आणखीही पुष्कळ काही थांबलं. मालकाचं बोलणं, न झालेलं मूल, उद्या काय, परवा काय, हे सगळं होतं तिथंच होतं, फक्त टोचत नव्हतं. त्याला आठवतंय, त्या दुपारी तो कारण नसताना रडला होता, बरं वाटलं म्हणून. पुढं तसं बरं त्याला पुन्हा कधी वाटलं नाही. त्या दुपारच्या आशेनं एकाच्या दीड झाल्या, दिडाच्या तीन झाल्या. मान केव्हाच बरी झाली होती आणि गोळी मात्र राहून गेली. पाहुणा आला, घरमालक झाला. आता गोळी घेतली की सुख होत नसे, फक्त हाल थांबत. न घेतली तर नाक गळे, जांभयांवर जांभया येत, पायांत कुणीतरी दोऱ्या ओढतंय असं वाटे. माणसात राहण्यापुरतं माणूस व्हायला ती लागायची.

डॉक्टरांनी लिहून द्यायचं थांबवलं तेव्हा त्यानं दुसरा डॉक्टर शोधला. मग कोपऱ्यावरचा औषधवाला, जो आधी हसून द्यायचा, तोही हात आखडता घेऊ लागला. “हल्ली फार जण मागतात हो,” तो खालच्या आवाजात म्हणाला, “वरून तपासणी चालू झालीय. नवीन चिठ्ठी आणा.” फार जण. धाकट्यानं तोवर आपल्याला एकटाच समजलं होतं. मग तो बघायला लागला, आणि एकदा बघायला लागल्यावर ते दिसतच राहिले. दुकानाच्या रांगेत सारखं नाक खाजवणारा टॅक्सीवाला. बाळंतपणानंतर पाठ धरलेली एक तरुण बाई, भर दुपारी डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झालेली. कडक इस्त्रीच्या कपड्यातले एक निवृत्त मास्तर, जे प्रत्येक दुकानात “बायकोसाठी हवीय” म्हणत, आणि ज्यांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. यांतलं कुणी गटारात पडलेलं नव्हतं. सगळे वेळेवर कामावर जाणारे, दारात पायपुसणं असलेले लोक. एकमेकांना ओळखून ते नजर चुकवत. दारुड्यांची निदान मैफल असते, धाकट्याला वाटे. आमची नुसती रांग.

आणि अशात ताई आली, आणि तिच्याबरोबर तिच्या गोळ्या आल्या. त्याच, लांबट, पांढऱ्या, फक्त ताकदीनं जास्त. दवाखान्यातून रीतसर मिळायच्या, कुणाला विचारायला नको, तोंड वेंगाडायला नको. तहानलेल्याच्या अंगणातच विहीर खणली गेली. पहिले काही आठवडे त्यानं गोळ्यांच्या कपाटाकडे पाठ करून दिवस काढले, हे त्याला स्वतःच्या बाजूनं सांगावंसं वाटे. पण सांगणार कुणाला? मग एकदा बाहेरून कुठूनच काही मिळेना, पाय रात्रंदिवस ओढायला लागले, आणि सकाळी ताईला गोळी द्यायचं काम तर त्याच्याकडेच होतं. बायको पहाटेच तलावावर जायची. कॅल्शियमची चघळायची गोळी त्याच आकाराची मिळते, हे त्याच्या लक्षात आलं. नेमक्या रंगाचे दात जुळवण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला दोन पांढरे रंग जुळवणं काय जड? सकाळी तिला फारसं दुखत नाही, असं त्यानं ठरवून टाकलं. या गोळ्यांनी पोट साफ होत नाही म्हणून ती कुरकुरायची, म्हणजे एक कमी झाली तर बरंच. मन वकील असतं. पक्षकार चोर असला तर आणखीच हुशार होतं. पुढं सकाळच्याबरोबर अधूनमधून संध्याकाळचीही, आणि मग रोजच जायला लागली. आणि ताई दिवसेंदिवस गप्प होत गेली. बायको म्हणायची, “ताईंना किती सोसतंय बघ, औषध लागूच पडेनासं झालंय.” तो मान हलवायचा. ताईच्या पायाला तेल चोळताना त्याचे हात इतके हळुवार व्हायचे की बायको कौतुकानं बघत राहायची. ते कौतुक त्याला सगळ्यात जड जाई.

लॅबमध्ये त्या दिवशी त्याच्यापुढं एका म्हाताऱ्या बाईची वरची कवळी होती. मेणाच्या पट्टीत एकेक दात बसवायचा, खालच्या साच्यावर टेकवून चावा बघायचा, पुन्हा मेण तापवायचं. समोरचे दात फार सरळ बसवू नयेत, जरा वाकडेच हवेत, म्हणजे माणसाचे वाटतात. हे तो नवीन मुलांना नेहमी सांगायचा. आज दात बसेचनात. पुन्हा पुन्हा ते वाक्य येत होतं, आणि त्याच्यामागून एक्स्चेंजमधली ताई. शाळा सुटल्यावर तो तिथं जाऊन बसायचा. कानाला यंत्र लावलेल्या बायकांची लांबच लांब ओळ, त्यांत ताई. एकदा ती त्याला म्हणाली होती, लोक काय बोलतात ते आम्ही ऐकत नाही, पण बोलायच्या आधी श्वास घेतात ना, तेवढा ऐकू येतो. खोटं बोलणारा माणूस जरा जास्त श्वास घेतो. हे आठवलं आणि त्याचा हात थांबला. कंपनी बदलली असेल, असं म्हणण्याआधी आपण केवढा श्वास घेतला होता?

दुपारी बायकोचा फोन आला. घरी येणारी नर्स आज ताईला तपासून गेली होती. ताईनं तिच्यादेखत कूस बदलली आणि दुखण्यानं शुद्धच हरपली, मग नर्सनं तिथूनच डॉक्टरांना फोन लावला. गोळ्या पुरत नाहीत म्हटल्यावर डॉक्टरांनी त्या बंद करून चिकटवायची पट्टी द्यायचं ठरवलं होतं. कातडीला लावायची, औषध आपोआप अंगात भिनत राहतं, आणि गोळीपेक्षा कितीतरी जालीम. “येताना दवाखान्याच्या औषधखिडकीवरून घेऊन ये. त्यांना कळवलंय,” बायको म्हणाली. तिचा आवाज थकलेला होता, पण त्यात बऱ्याच दिवसांनी सुटकाही होती. “आज तरी जरा झोपतील रे त्या.”

खिडकीवरच्या बाईंनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. पाकीट पुढं सरकवायच्या आधी त्यांनी विचारलं, पेशंट आधीच्या गोळ्या रोज घेत होत्या ना, खंड न पाडता? हे विचारावंच लागतं, त्या म्हणाल्या. ज्यांच्या अंगाला सवय आहे त्यांनाच ही पट्टी चालते. सवय नसलेल्याला लावली तर माणूस झोपेतच श्वास घ्यायचं विसरतं. हे धाकट्याला नवीन नव्हतं. या औषधांबरोबर येणारे बारीक अक्षरांचे कागद त्याच्याइतके कुणी वाचले नसतील. “रोज घेतात,” तो म्हणाला. “खंड नाही.” बोलण्याआधी त्यानं श्वास घेतलेला त्याला स्वतःलाच ऐकू आला. बाईंनी पाकीट दिलं.

दवाखान्यासमोरच्या बागेत तो बाकावर बसला. एक माणूस कुत्र्याला पळवत होता. पाकीट मांडीवर होतं, पातळ, हलकं, आत काही आहे असंही वाटू नये इतकं. पहिल्यांदा जे मनात आलं ते ताईबद्दल नव्हतं. मनात आलं, यातली एक आपण लावली तर कितीतरी दिवस जिभेखाली काही सरकवायला नको. दंडाच्या आतल्या बाजूला, शर्टाखाली. कुणाला दिसणार नाही. हा विचार इतका सहज, इतका घरच्यासारखा आला की तो दचकलासुद्धा नाही. तसाच बसून राहिला. मग हळूहळू, पायाला आलेल्या मुंग्या जाव्यात तशी, दुसरी गोष्ट जाणवायला लागली. आज संध्याकाळी बायको स्वतःच्या हातानं, मायेनं, ताईच्या खांद्यावर पट्टी लावेल. ताई झोपेल. सकाळी बायको ‘किती शांत गेल्या’ म्हणेल, नर्सही तेच म्हणेल, आणि कुणालाही काहीही कळणार नाही. ते कळणार नाही, याचंच त्याला भय वाटायला हवं होतं. भय वाटत नव्हतं. वाटत होता तो फक्त थकवा, हाडांच्या आतपर्यंतचा. आणखी एक खोटं सांभाळायचं. त्याला ऊन द्यायचं, पाणी घालायचं, वाढवायचं. हे आपल्याच्यानं आता होणार नाही, असं त्याला वाटलं. पुढं कितीतरी दिवस तो स्वतःला विचारत राहिला, की आपल्याला घरी नेलं ते ताईवरच्या प्रेमानं की निव्वळ कंटाळ्यानं.

घरी बायकोनं सगळी तयारी केली होती. ताईला कुशीवर वळवून खांदा उघडा केला होता, साध्या पाण्यानं पुसून कोरडा केला होता. हाडावर कातडी ताणलेला तो खांदा धाकट्यानं पाहिला. लहानपणी गर्दीतून जाताना तो त्याच खांद्यावर बसायचा. बायकोनं त्याच्या हातातून पाकीट घेतलं, कात्रीनं कड कापली. ताईचे डोळे उघडे होते. ती बायकोकडे बघत नव्हती, त्याच्याकडे बघत होती. रागानं नाही, विनवणीनंही नाही. जोडलेला फोन कुणी उचलतंय का, याची वाट बघावी तसं.

“थांब,” तो म्हणाला. “ती लावू नकोस.”

बायकोनं वर पाहिलं.

“ताईच्या अंगाला सवय नाहीये. तिच्या गोळ्या मी घेत होतो. तिला मी दुसऱ्याच देत होतो.”

बायकोनं पट्टी पाकिटात परत सरकवली, पाकीट स्वतःच्या खिशात ठेवलं, ताईचा खांदा झाकला. मग बाहेर जाऊन डॉक्टरांना फोन लावला आणि सपाट आवाजात जे ऐकलं होतं ते जसंच्या तसं सांगितलं. बुडणाऱ्याला आधी काठावर आणायचं, मग काय ते बोलायचं, हे तिच्या हाडीमासी भिनलेलं होतं. फोन ठेवल्यावर मात्र ती न्हाणीघरात गेली, आणि नळ सोडल्याचा आवाज बराच वेळ येत राहिला.

धाकटा पलंगापाशी खाली बसला. ताई म्हणाली, “मला वाटलं होतं, सकाळीच बोलशील.”

“तुला माहीत होतं?”

“जीभ अजून शाबूत आहे माझी.” ती थांबली, धाप लागली होती. “नर्स येणार होती ना आज. म्हटलं, तिच्याकडून निघण्यापेक्षा तुझ्याकडून निघावं.”

“मग इतके दिवस का नाही बोललीस?”

ताईनं विचार केला. खोटं समाधान द्यायची तिला सवय नव्हती. “आधी रागानं नाही बोलले. मग वाटलं, बोलशील तू, वेळ दे. मग दुखणं एवढं वाढलं की तुझा विचार करायलाच जागा राहिली नाही रे.” जरा वेळानं ती म्हणाली, “माफ बिफ केलेलं नाही मी अजून. ते बघू निवांत. आता ती खरी दे म्हणावं तिला लवकर.”

खरी बायकोनं दवाखान्यातून आणून दिली, डॉक्टरांनी सांगितली तेवढीच, कमी ताकदीची. आणि दुसऱ्या दिवशी तीच त्याला व्यसन सोडवायच्या दवाखान्यात घेऊन गेली. कागदावर सही करताना नात्याच्या रकान्यापाशी तिचं पेन क्षणभर थांबलं, आणि मग तिनं ‘पत्नी’ लिहिलं. तिथले दिवस त्याला सलग आठवत नाहीत. अंगावर काटा, उलट्या, भिंतीचा पोपडा उडालेला एक तुकडा, आणि शेजारच्या खाटेवर एक सुतार, जो म्हणायचा, “खांदा निखळला होता माझा, बाकी काही नाही,” दर वेळी नव्यानं, जणू कुणी विचारलंय. एकदा संध्याकाळी बायको आली, खाटेच्या कडेला टेकली. तिच्या केसांना तो पाण्याचा वास होता. ती म्हणाली, “तेल लावताना तुझे हात बघून मी सगळ्यांना सांगायचे, भाऊ असावा तर असा. ते मी कसं विसरू, सांग.” ती जायची वेळ होईपर्यंत बसून राहिली.

तो घरी आला तेव्हा झाडांची पानं गळून गेली होती. ताई आणखी लहान झाली होती, पण तिला झोप लागत होती. घरात काही ठरवून बोलणं झालं नाही. पण गोळ्या आता कुलपात होत्या, किल्ली बायकोच्या गळ्यात होती आणि तलावावर जायची वेळ तिनं बदलून घेतली होती. ताई त्याच्या हातून पाणी घ्यायची, उशी सरकवून घ्यायची, पेपर वाचून घ्यायची आणि वाचताना चुकला की टोकायची. गोळी मात्र बायकोच्या हातून. कुलूप उघडायची वेळ झाली की तो आपणहून उठायचा आणि बाहेर जिन्यात जाऊन उभा राहायचा. दार ओढून घ्यायचा. त्याला कुणी जा म्हटलेलं नव्हतं. पण डबीत गोळ्या वाजल्याचा आवाज आला की अजून त्याच्या तोंडाला पाणी सुटायचं, आणि ते ताईसमोर सुटू नये, एवढंच त्याच्या हातात होतं.

एकदा सकाळी तो असाच उभा असताना वरच्या मजल्यावरच्या काकू भाजीची पिशवी घेऊन चढत आल्या. “किल्ली विसरलात वाटतं?” त्यांनी विचारलं. “नाही, आहेत सगळे घरात,” तो म्हणाला. काकूंना काही उमगलं नाही; पिशवी या हातातून त्या हातात घेत त्या वर गेल्या. दारापलीकडे आज वेळ लागत होता. ताईला हल्ली गिळायला जड जायचं. बायको हळू आवाजात काहीतरी समजावत होती, मग खोकला, मग बराच वेळ काहीच नाही. त्याच्या पाठीवरून घाम ओघळला. जिन्याचा कठडा थंडगार होता, तो त्यानं घट्ट धरून ठेवला. आत जावं, असं वाटलं. पण कशासाठी जावंसं वाटतंय याची खात्री होईना, म्हणून तो गेला नाही. खालच्या मजल्यावर कुणीतरी दार आपटलं. मग पेला ठेवल्याचा आवाज आला, किल्ली फिरल्याचा आला, आणि त्यानंतर ताईचा, दम लागलेला, पण साऱ्या घराला ऐकू जाईल असा.

“झालं रे. ये आत.”